रेघ मारताना कोण श्वास घेतं

प्रिय टाचणी,

सगळं बदललं ते मी दुकानात पाण्याची बादली उपडी केली त्या क्षणी. बाबांच्या ऑपरेशनच्या दिवशी नाही, आजाराचं नाव कळलं त्या दिवशी नाही, तू गाडीत बसून गेलीस त्या दिवशीही नाही. त्या तिन्ही दिवशी मी तुला माहीत असलेलाच मी होतो. हॉस्पिटलात लिफ्टवाल्याशी भांडलो होतो, डॉक्टरांच्या खोलीचं दार आपटलं होतं आणि तू गेल्यावर फलाटावरच्या बाकाला लाथ मारून स्वतःचाच अंगठा सुजवून घेतला होता. बादलीनंतर मात्र मी कुणाशी भांडलेलो नाही. आई शेजारणीला सांगते, पोरगा सुधारला हो. सुधारलो वगैरे काही नाही. आत काहीतरी बंद पडलंय, एवढंच.

परवा फोनवर तू विचारलंस, अजून तसंच वाटतं का रे, आणि मी गप्प बसलो. तू थोडी थांबलीस, मग म्हणालीस, "काडी, न ओढता पेटणारा तू, आणि गप्प? ताप आहे का?" तरी मी गप्पच. ज्याने तुझ्यासाठी वसतिगृहाच्या भिंतीवरून उडी मारून पाय मुरगळून घेतला, त्याला साधं 'हो' म्हणता येईना. 'नाही' असंही म्हणता येईना. मग तुझा मेसेज आला, की शनिवारी सुट्टी आहे, यायचं असेल तर ये, नाही आलास तर मी समजून घेईन आणि पुन्हा विचारणार नाही. रागाने लिहिलेलं नव्हतं ते. रागाने लिहिलं असतंस तर मला सोपं गेलं असतं. रागाचं काय करायचं ते मला येतं. म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी न देता बाबांचं सांगतो. कंटाळू नकोस. मला दुसरीकडून सुरुवात करता येत नाही.

बाबांचं ऑपरेशन झालं एवढंच तुला माहीत आहे. कसलं, ते मी सांगितलं नव्हतं. प्रोस्टेटचा कॅन्सर. घरात हा शब्द कुणी उच्चारत नाही. आई 'ती गाठ' म्हणते, बाबा 'ते काम' म्हणतात आणि गिऱ्हाइकांना पोटाचं ऑपरेशन सांगितलंय. वेळेवर सापडला, सगळा काढला, डॉक्टर खूश. त्यांच्या दृष्टीने गोष्ट तिथे संपली, आमच्या घरात ती तिथून सुरू झाली. लघवीची नळी काढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता काही आठवडे, कदाचित काही महिने, गळेल. खोकलात, हसलात, झटकन उठलात की गळेल. पॅड वापरा, व्यायाम करा, चाला, खाणं बदला, वजन उचलू नका. मग त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं. आत आणखी काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. पण घरी आल्याबरोबर बाबांनी आपली गादी दुकानामागच्या खोलीत टाकायला लावली. म्हणाले, जिना नको म्हणालेत. वर आई, खाली बाबा, आणि मधल्या जिन्यावर डबे, औषधं आणि धुतलेल्या विजारी घेऊन चढउतार करणारा मी.

आमचं दुकान तू एकदाच पाहिलंस, तेही रस्त्यापलीकडून, कारण बाबांसमोर उभं राहायची तुझी तयारी होती, माझी नव्हती. आतून ते असं आहे. मधोमध मोठं टेबल, त्यावर जाड कापड. भिंतीला टेकवून, लाकडी खाचांत उभ्या ठेवलेल्या काचा. कोपऱ्यात कडा घासायचा दगड आणि त्याच्याखाली पाण्याची बादली, कारण कोरडी काच घासली तर ती तडकते आणि तिची भुकटी छातीत जाते. टेबलापाशी बाबा. काचेवर पट्टी ठेवायची, कटर तेलात बुडवायचा, आणि एका दमात, एकाच दाबाने, या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारायची. मधे थांबायचं नाही, पुन्हा त्याच रेघेवरून जायचं नाही. मग खालून टिचकी मारली की काच रेघेवर सुटते. मी हजेरीवरून भांडून, ओळखपत्र सरांच्या टेबलावर फेकून कॉलेज सोडून आलो, तेव्हा बाबा मला रागावले नाहीत. माझ्यापुढे हातमोजे टाकले आणि म्हणाले, "घाला, महाराज. इथे नापास झालात तर बोट जातं." आणि एक नियम सांगितला. काच हातातून सुटली तर सोडायची. मागे सरकायचं आणि पडू द्यायची. पडणारी काच पकडायला जो हात घालतो त्याचा हात जातो आणि काचही जाते. हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की झोपेतून उठवून विचारलंस तरी म्हणून दाखवेन.

आता या माणसाला सांगितलं की वजन उचलू नका. काचवाल्याने वजन उचलायचं नाही म्हणजे काय करायचं? तो टेबलामागे बसला आणि माझ्यावर ओरडायला लागला. दुसरीकडे आईने स्वयंपाकघर हातात घेतलं, म्हणजे ते होतंच, पण आता जाहीर केलं. लाल मांस बंद, तळलेलं बंद, डब्यातली बिस्किटं गायब. भाज्या, डाळी, फळं, अधूनमधून मासा, आणि कोंड्यासकट पिठाचा पाव, कारण पोट साफ राहिलं पाहिजे, कुंथायचं नाही, खालच्या शिवणीवर जोर येतो. शिजवलेला टोमॅटो या आजाराला चांगला असं तिने कुठेतरी ऐकलं आणि आमच्या घरात सगळं तांबडं दिसायला लागलं. शेवटी बाबांनी डॉक्टरांनाच विचारलं. ते हसून म्हणाले, खा, चांगला आहे, पण औषध समजून खाऊ नका. बाबा घरी येऊन म्हणाले, "ऐकलंस? माझं ऑपरेशन झालंय, मी ससा झालेलो नाही." आई म्हणाली, "ससा निदान पानात टाकत नाही." सगळ्यात मोठं युद्ध चहावरून झालं. कडक चहाने मूत्राशय चिडतं म्हणून सकाळचा एकच कप. बाबा उरलेला चहा शेजारच्या सुताराकडे जाऊन प्यायचे, आणि सुतार आईचा हेर निघाला. तो कपभर चहा पाजायचा आणि खिडकीतून वर बघून आईला खूण करायचा. तेव्हा आम्ही हसायचो, टाचणी. बाबा हसताना मांडी आवळून धरायचे आणि आम्ही ते दिसलं नाही असं करायचो.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे बाबांनी आईला नेलं नाही, मला नेलं. त्या वयाने आपल्यापेक्षा थोड्या मोठ्या असतील. टेबलावर कमरेच्या हाडाचा प्लास्टिकचा नमुना, त्यात त्या बोट घालून दाखवत होत्या, की हा इथला स्नायू, लघवी मधेच थांबवायची झाली तर जो वापराल तो. तो आत ओढायचा, धरायचा, सोडायचा. पोट आवळायचं नाही, मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास कोंडायचा नाही. बाबा त्यांच्याकडे बघेचनात. खिडकीकडे बघून म्हणाले, "ती काच कुणी बसवली? कडेला भरलेली लांबी सुटलीय, पाऊस आत येत असेल." बाई म्हणाल्या, "काका, वरची गळती नंतर बघू, आधी खालची बघू या." बाबा असे हसले की सगळं गळलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "बघा, हसण्याआधी ओढून घ्यायचं. खोकण्याआधी, उठण्याआधी, काही उचलण्याआधी. आधी ओढा, मग करा." येताना बाबा म्हणाले, बाई हुशार आहे. त्यांच्या तोंडून कुणाला हुशार म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

आणि संध्याकाळी चालणं. सुरुवातीला कोपऱ्यापर्यंत, मग चौकापर्यंत, मग बागेला वळसा. माझ्या पाठीवर तुझी ती माझ्याकडेच राहिलेली निळी पिशवी, तिच्यात जास्तीची विजार. रस्ता बाबाच ठरवायचे, आणि तो कशावरून ठरतो हे मला हळूहळू कळलं. स्वच्छतागृह कुठे आहे यावरून. पण ते तसं म्हणायचे नाहीत. म्हणायचे, चल, त्या औषधाच्या दुकानावरून जाऊ, तिथली दर्शनी काच मी बसवलीय. अर्ध्या गावाची तावदानं त्यांची आहेत. चालता चालता ते काचेत बघायचे आणि मी समजायचो की काच बघताहेत. ते स्वतःकडे बघायचे. पुढून ओलं दिसतंय का ते. मीही त्या काचांत बघायचो, पण तिथे तू दिसायचीस, त्या पुलाजवळच्या चपलांच्या दुकानाच्या काचेत तर फारच, जिथे तू केस बांधत उभी राहिली होतीस आणि तुझ्याकडे बघणाऱ्याच्या अंगावर मी धावून गेलो होतो. तू मला तिथे टाचणी लावली होतीस, "बघू दे की त्याला, तूही तेच करतोयस." असे आम्ही दोघं चालायचो, बाप आणि लेक, एकाच काचेत आपापलं बघत.

आता बादलीचं. खानावळवाला मोठा आरसा न्यायला आला होता. आमचा नेहमीचा माणूस, जिभेने सैल पण मनाने वाईट नाही. आरसा दोघांनी धरायचा असतो. बाबांना मनाई, म्हणून एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला तोच. मी म्हटलं हातमोजे घाला, तो म्हणाला रोज गरम पातेली उचलतो रे मी. उंबऱ्यापाशी त्याची बाजू सुटली. मी पकडायला गेलो. मला नियम पाठ होता तरी मी पकडायला गेलो, कारण मी तसाच आहे, सुटत असलेलं काहीही मला सोडवत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. टेबलामागून बाबा ओरडले, "सोड!" आणि ओरडतच उठून धावले. बाईंनी सांगितलेलं सगळं विसरून. आधी ओढून घ्यायला वेळच नव्हता ना. मी सोडला. आरसा फुटला. माझा हात वाचला. आणि त्या सगळ्या तुकड्यांच्या मधे बाबा उभे होते, आणि त्यांच्या करड्या विजारीवर डाग मांडीपर्यंत उतरत गेला, आणि थांबेचना.

खानावळवाल्याने बघितलं आणि तो हसला. घाबरून हसतात तसा. "अहो, फुटला आरसा आणि पाणी तुमचं?" म्हणाला. टाचणी, तू मला ओळखतेस. मी काय केलं असतं ते तुला डोळ्यांपुढे दिसत असेल. मलाही दिसत होतं. मी वाट बघत होतो, की आता डोकं फिरेल, आता कानशिलं तापतील, आता हात उठेल. काहीही झालं नाही. आत एकदम शांत. मी दगडाखालची बादली उचलली, फरशीवर ओतली, बाबांच्या पायांवर, विजारीवर, खानावळवाल्याच्या बुटांवर, आणि म्हणालो, "काचेची भुकटी उडते, पाणी मारावं लागतं." कोरड्या आवाजात. मग झाडू घेतला. सगळे भिजलेले, सगळी फरशी ओली, कुठलं पाणी कुणाचं ते कुणाला कळायला मार्ग नाही. खानावळवाला बूट झटकत म्हणाला, सांगून तरी ओतायचं. बाबा मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

तेव्हापासून मी असा आहे. लोकांना वाटेल मी डोकं लढवलं, बापाची लाज राखली. मला तेव्हा लाज, माया, राग, काही नव्हतं. एका माणसाच्या हाताने बादली ओतली, तो हात माझ्या खांद्याला होता. त्या रात्री जेवताना आई म्हणाली मीठ जास्त झालंय का, आणि मला कळेना. त्यानंतर आई जे वाढेल ते मी खातो. ती बाबांना सांगते, बघा, पोरगा कसा न कुरकुरता खातो. तुझा फोटो काढून बघितला. चांगला फोटो आहे, एवढंच वाटलं. मग मी घाबरलो, म्हणजे घाबरायला पाहिजे असं वाटलं.

बाबांनी त्या दिवसानंतर पाणी पिणं सोडलं. चालणं सोडलं, व्यायाम सोडला असं आम्हाला वाटलं. आई भरलेला तांब्या खाली पाठवायची, तसाच वर यायचा. "नळच बंद केला की थेंब पडत नाही," असं मला म्हणाले, जणू काही मोठा शोध लावलाय. पण थेंब पडतच होते, उलट जास्त. संध्याकाळपर्यंत त्यांना उभं राहता यायचं नाही. जिना चढायची परवानगी मिळून बरेच दिवस झाले होते, तरी वर येईनात. आईने एकदा जिन्याच्या वरच्या पायरीवरून हाक मारली, "अहो, आता तर डॉक्टरांनी जिना चढा म्हटलंय." खालून आवाज आला, "खालीच बरं वाटतं. दुकानावर लक्ष राहतं." ती पायरीवर बसून राहिली आणि मी तिच्या बाजूने विजारी घेऊन खाली गेलो.

शेवटी मीच त्यांना परत बाईंकडे नेलं. भांडून नाही. फक्त दारात रिक्षा उभी केली आणि म्हणालो, चला. ते चक्क आले. माझ्या न ओरडण्याने तेही बिचकले असावेत. बाईंनी पहिल्यांदा पाण्यावरून झाडलं, की पाणी कमी केलं की लघवी घट्ट होते, मूत्राशय जास्त चिडतं, पोट साफ होत नाही, दिवसभर थोडं थोडं प्यायचं आणि झोपायच्या आधी आखडतं घ्यायचं. मग विचारलं, व्यायाम का सोडलात. बाबा दुखावले. "सोडला? मी तर दिवसभर करतो. बसलो की ओढून धरतो, उठलो की ओढून धरतो. रेघ मारताना तर पक्कंच." बाई म्हणाल्या, "आणि सोडता कधी?" बाबा म्हणाले, "सोडायचं कशाला? गळेल ना." बाईंनी विचारलं, "रेघ मारताना श्वासाचं काय करता?" बाबा त्यांच्याकडे असे बघायला लागले, जणू पोरीला साधं कळत नाही. म्हणाले, "रेघ मारताना कोण श्वास घेतं?"

मग आम्हाला कळलं. हा माणूस आयुष्यभर काचेवर कटर ठेवला की दम कोंडतो, रेघ पुरी झाली की सोडतो. त्याला कुणी सांगितलं आत ओढा, तर त्याने तेच केलं जे त्याचे हात जाणतात. दम कोंडला, पोट आवळलं, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच लांबलचक रेघ मारत राहिला. तो स्नायू बिचारा दुपारीच दमून पडायचा. बाई म्हणाल्या, "काका, ओढणं हा अर्धाच व्यायाम आहे. सोडणं हा दुसरा अर्धा. सगळं सैल सोडायचं, आणि मग पुन्हा." आणि म्हणाल्या की ओढताना गुणगुणायचं. तोंडाने सूर चालू असला की श्वास कोंडता येत नाही. बाबा म्हणाले, मला गाणं येत नाही. बाई म्हणाल्या, गाणं नाही, नुसतं मधमाशीसारखं. व्यायाम कटर खाली ठेवून करा, पण कोंडायची सवय कामातून लागलीय, ती कामातच मोडेल, म्हणून रेघ मारतानाही गुणगुणा.

दुसऱ्या दिवशी बाबांनी टेबलावर काच घेतली, पट्टी ठेवली, कटर तेलात बुडवला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तोंड तिकडे कर." मी भिंतीकडे तोंड केलं. मागून एक खर्जातला, बेसूर आवाज आला, आणि कटरची चर्र. रेघ वाकडी गेली. काच रेघ सोडून भलतीकडेच तुटली. ते तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघत होते. मला वाटलं आता सगळं फेकतील, कारण माझं हे तापट डोकं त्यांच्याकडूनच आलंय. पण म्हणाले, "पहिल्या वर्षी अशीच जायची." आणि दुसरी काच घेतली. तीही गेली. सुतार दारातून डोकावून म्हणाला, भुंगा शिरलाय का दुकानात? बाबा म्हणाले, "शिरलाय. चहा पितोस का विचारतोय." तांब्यातलं पाणी त्या दिवशी संपलं, आणि संध्याकाळी आम्ही पुन्हा चालायला निघालो.

आणि मग गेल्या आठवड्यात आई खाली आली. दुपारी, जेवणं आवरून, दुकानात कुणी नसताना. मी टेबल पुसत होतो, तर जिन्यावर धप् धप् आवाज. बघतो तर आई आपली गादी ओढत आणतेय, उशी काखेत. मला म्हणाली, "बघतोस काय, एक टोक धर." मी धरलं. काचेसारखं, एक पुढे एक मागे, आम्ही ती मागच्या खोलीत नेली. बाबा खाटेवर बसून पेपर वाचत होते. त्यांचा चेहरा असा झाला की मी खाली बघितलं. म्हणाले, "अगं, इथे कुठे? इथे ओल असते. वास येतो." आई उशी झटकत म्हणाली, "येऊ दे. वर मला एकटीला झोप लागत नाही, तुमचं घोरणं बंद झाल्यापासून." बाबा हळू आवाजात म्हणाले, "तुला सांगितलंय ना मी, डॉक्टर काय म्हणाले. मी आता तसा राहिलो नाही." आई म्हणाली, "मी कुठे विचारलं कसे राहिलात ते? सरका." आणि माझ्याकडे वळून, "तू अजून इथेच? दगडाला पाणी घाल जा."

मी गेलो. बादलीत पाणी भरलं. दगडापाशी बसून राहिलो. टाचणी, मी तुला सांगायला पाहिजे की तेव्हा माझा ऊर भरून आला. नाही आला. मी फक्त ऐकत होतो, आत आई काहीतरी बोलत होती आणि बाबा हसले, आणि हसण्याच्या आधी एक छोटीशी थांबलेली जागा होती. आधी ओढून घेतलं आणि मग हसले. ते मला ऐकू आलं. एवढंच. पण तेव्हापासून ते माझ्या कानात आहे. आणि आईचं ते 'मी कुठे विचारलं'.

काल संध्याकाळी चालताना बाबा अचानक म्हणाले, "उद्या लहान काचाच आहेत. मला माणूस लागणार नाही." मी म्हटलं, बरं. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "त्या पुलाजवळच्या चपलांच्या दुकानापाशी तू पाय ओढतोस. रोज." ते म्हणाले, "ती आहे का अजून?" मी म्हटलं, माहीत नाही, तिने बोलावलंय, पण मला काही वाटत नाहीये, बाबा, हल्ली कशाचंच. एवढं मी त्यांच्याशी आयुष्यात बोललो नव्हतो. ते काचेत बघत होते, स्वतःकडे, माझ्याकडे की विजारीकडे, कोण जाणे. मग म्हणाले, "तूही कोंडूनच धरलंयस, गाढवा. गळेल म्हणून." आणि पुढे निघाले. पाठीवर पिशवी नव्हती काल. ती घ्यायला मी विसरलो होतो आणि ते बोलले नव्हते. घरी पोचेपर्यंत विजार कोरडीच होती.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. अजून तसंच वाटतं का, हे मला सांगता येत नाही. आत हात घातला तर काही लागत नाही. तू बियाण्याच्या प्रयोगशाळेत लागलीस तेव्हा मला सांगितलं होतंस, की नुसतं बघून बी जिवंत आहे की नाही ते कळत नाही, ओल्या कागदात ठेवायचं आणि थांबायचं, कधी कधी सगळ्यांनी मेलेलं म्हणून टाकलेलंही उशिरा फुटतं, आणि कधी नाहीच फुटत. तेव्हा मी तुझी थट्टा केली होती. आता मी तेच मागतोय, की थोडं थांब, आणि नाहीच फुटलं तर तू ते खुशाल टाकून दे. आज शनिवार आहे, सकाळ. हे पत्र पोस्टात पडणार नाही, माझ्या खिशात येईल. मी हे एवढ्यासाठी लिहिलं, की तुझ्या दारात उभा राहिलो की परवासारखा गप्प होईन, आणि माझ्या गप्प बसण्याचा अर्थ तू चुकीचा लावशील. म्हणून बेल वाजवून हे दाराखालून सरकवणार आहे आणि तुझ्या जिन्यात थांबणार आहे. पूर्ण वाच, घाई करू नकोस. मग दार उघड, किंवा नको उघडूस. नाही उघडलंस तर मी दारावर लाथ मारणार नाही, शब्द देतो. निळी पिशवी घेतलीय, बाबा मला म्हणाले, "आता ती तुलाच लागेल." आईने टोमॅटोचं काहीतरी बांधून दिलंय, माफ कर. खाली टेबलावर काच ठेवल्याचा आवाज झाला. आता कटर तेलात बुडला असेल. बाबा गुणगुणायला लागलेत, बेसूरच, पण मधे तुटत नाहीये. मी उठतो. खाली जातो. त्यांना हाक मारणार नाही, रेघ अर्ध्यावर असेल. बाहेर पडून दार ओढून घेतो.

तुझाच,
काडी (सध्या ओली)